गोल बटण सोडून

गावपळण ठरली आणि त्याच संध्याकाळी मुलाचा, दीपेशचा, मुंबईहून फोन आला.

"बाबा, गावपळणीला मी येतोच आहे. परत जाताना गाडी घेऊन जाईन. वर्षालीला ऑफिसला जायला होईल. आणि तुम्ही आता चालवायला नकोच."

मी "बरं" म्हटलं. माझ्या तोंडून पहिला शब्द नेहमी हाच निघतो. विचार मागाहून येतो, आणि तोवर समोरच्याने फोन ठेवलेला असतो.

माझी बायको आनंदी पडवीत नारळ सोलत होती. "काय म्हणता झील?" तिने विचारलं.

"सुनेसाठी गाडी नेतलो म्हणता."

"आणि तुमी काय म्हटलास?"

"बरं म्हटलंय."

तिने नारळ खाली ठेवला. "मगे माका हौसाकडे कोण नेतलो? तुमचा 'बरं' नेतला?"

हौसाबाई ही तिची थोरली बहीण. खारेपाटणला असते, अंथरुणावर आहे. पंधरवड्यातून एकदा आम्ही गाडीने तिच्याकडे जातो. आनंदीच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नाही. दोघी बहिणी दिवसभर एकमेकींशी भांडतात आणि संध्याकाळी आनंदी ताजीतवानी होऊन गाडीत बसते. गाडी गेली की हे सगळं संपणार होतं, आणि ते मी एका शब्दात संपवलं होतं.

दीपेशचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. दिवाळीच्या आधी मी आमच्या आचऱ्याच्या तिठ्यावर कुर्ल्या, म्हणजे खेकडे, विकणाऱ्या शेवंतीची टोपली उडवली होती.

त्याचं झालं असं. गणपतीत दीपेशने गाडीत नवी म्युझिक सिस्टीम बसवून घेतली. जुन्या रेडिओला दोन बटणं होती, एक लावायचं आणि एक स्टेशन फिरवायचं. नव्याला एक मोठा पडदा, पडद्याशेजारी एक गोल बटण, त्याखाली बारीक बटणांची रांग आणि शिवाय स्टिअरिंगवरही बटणं. दीपेशने मला शेजारी बसवून सांगितलं, "बाबा, तुम्ही फक्त हे गोल बटण फिरवा. आवाज कमी-जास्त. बाकी कशाला हात लावू नका, सेटिंग बिघडेल." मी हात लावला नाही. आनंदीची भजनं भरलेला पेनड्राइव्ह त्याने खाली खोचून दिला होता, तेवढी ती ऐकायची.

त्या दिवशी तिठ्यावरच्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि भजन थांबलं. त्याच क्षणी रेडिओ लागला, तो इतक्या मोठ्याने की साबणाची जाहिरात करणारी बाई माझ्या कानात शिरून ओरडते आहे असं वाटलं. मी दचकलो. गोल बटण शोधायला खाली बघितलं. वर बघितलं तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला शेवंतीच्या टोपलीत होती. शेवंती उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. टोपलीतल्या कुर्ल्या तिठ्यावर चारी दिशांना चालू लागल्या, माणसं त्यांच्यामागे धावू लागली, आणि गाडीतली बाई सगळ्यांना साबण कसा लावावा ते सांगत होती.

गाव आठवडाभर हसला. मला मात्र हसू आलं नाही. शेवंतीचा पाय आणि माझं चाक यांत किती अंतर उरलं होतं ते मी खाली उतरून बघितलं होतं.

म्हणून मी "बरं" म्हटलं. दीपेशचंच बरोबर असेल असं मला मनापासून वाटत होतं. मला बहुतेक वेळा समोरच्याचंच बरोबर वाटतं.

*

गावपळण म्हणजे काय ते आमच्याकडे कोणी कोणाला समजावत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. काही वर्षांनी देवाचा कौल होतो, आणि ठरल्या दिवशी सगळा गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामा. चौथ्या दिवशी परतीचा कौल मिळाला की सगळे माघारी. एकदा वेस ओलांडली की मधे कशासाठीही परत जायचं नाही. कोणी विसरलेलं औषध असो की मुलाची दुधाची बाटली, गावाबाहेरूनच सोय करायची.

मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. गावात मला मास्तर म्हणतात, शिकवलं मी कोणाला काही नाही. तीन दिवस मोकळे मिळणार म्हणून मी पुस्तकांची पिशवी भरली. मग वाटलं, लोक झावळ्यांची झोपडी बांधायला धावतील आणि आपण पुस्तकं घेऊन बसणार, बरं दिसेल का? रिकामी केली. परत भरली. दरवाजाच्या मागे ठेवली, निघताना ठरवू म्हणून. निघताना कोंबड्यांचा झाप, तांदळाचा डबा, सतरंज्या, आनंदीची औषधं असं सगळं गाडीत चढलं. आम्ही वायंगणीच्या हद्दीतल्या माळावर पोचलो, मी गाडी बंद केली आणि मला दरवाजाची मागची बाजू डोळ्यांसमोर दिसली.

"काय झाला?" आनंदीने विचारलं.

"पुस्तकां घरात रवली."

तिने वळून वेशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरा झाला. आता तीन दिस माझा तोंड वाचा."

पहिला दिवस झोपडी उभी करण्यात गेला. म्हणजे शेजारच्या बाबूने उभी केली आणि मी झावळ्या धरून उभा राहिलो. बाबूचा टेम्पो आहे. माणूस सरळ, पण जीभ तिखट. "मास्तर, झावळी उलटी धरलास," तो प्रत्येक वेळी म्हणायचा, सुलटी धरलेली असली तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाची तयारी बायकांच्या हातात गेली, पुरुष पत्ते कुटायला बसले, आणि मला काय करावं ते सुचेना. मला पत्ते येत नाहीत. वाचल्याशिवाय माझा दिवस पुढे सरकत नाही. तांदळाच्या डब्यावरचा कागद वाचून झाला. आनंदीच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचून झाल्या, त्यातला एक दुष्परिणाम मला लगेच जाणवायलाही लागला. शेवटी गाडीत बसून समोरचा खण उघडला. त्यात विम्याचे कागद होते आणि खाली एक जाड पुस्तिका, अजून प्लास्टिकात. म्युझिक सिस्टीमची.

मी प्लास्टिक फाडलं तेव्हा आजूबाजूला बघितलं. दीपेश मुंबईत होता, तरी.

पुस्तिका पुष्कळ भाषांत होती. मराठी नव्हती. इंग्रजी पुढेच होतं, अक्षर मुंगीएवढं. मी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरू केलं, कारण मला मधूनच पुस्तक उघडता येत नाही. पहिली काही पानं नुसत्या सावधगिरीच्या सूचना होत्या. पाण्यात टाकू नका. उघडून बघू नका. लहान मुलांच्या हाती देऊ नका. दीपेशने मला बहुधा ह्याच कलमात धरलं असावं.

पण पुढे गेलो तसतसं मला ते पुस्तक आवडू लागलं. भाषा रुक्ष होती, पण प्रामाणिक होती. एक बटण दाबलं की काय होईल, दाबून धरलं की काय होईल, नाही झालं तर काय करावं. आणि कुठल्याही पानावर असं लिहिलं नव्हतं की हे तुमच्या वयाला झेपणार नाही. वाचणाऱ्याला ते सगळीकडे 'चालक' म्हणत होतं. चालकाने हे करावं, चालकाने ते बघावं. गेल्या दोन महिन्यांत मला कोणी चालक म्हटलं नव्हतं.

मी चावी अर्धी फिरवली. पडदा उजळला, भजन सुरू झालं. गोल बटणाखालच्या रांगेतलं पहिलं बटण पुस्तिकेप्रमाणे रेडिओ, पेनड्राइव्ह आणि फोन यांत अदलाबदल करायचं होतं. माझं बोट त्याच्यापाशी जाऊन थांबलं. 'बाकी कशाला हात लावू नका.' गाडी माझ्या निवृत्तीच्या पैशाची, कागदांवर नाव माझं, आणि त्या बटणावर बोट ठेवायला मी चोरासारखा घाबरत होतो. मला स्वतःचा राग आला. असा राग मला सहसा येत नाही, आला तरी जेवणापर्यंत जातो.

मी बटण दाबलं. भजन थांबलं, रेडिओ लागला. परत दाबलं. भजन.

दुपारपर्यंत मी ती रांग संपवली. एक बटण दाबून धरलं की रेडिओ स्वतःच सगळीकडे फिरून ज्या स्टेशनांचा आवाज स्वच्छ येतो ती ओळीने मांडून ठेवतो. माळावरून त्याला गोव्याकडची बरीच सापडली. एकाने नुसता ढोलाचा आवाज वाढतो. एकावर कर्ण्याचं चित्र आणि त्यावर आडवी रेघ. ते दाबलं की जे काय चालू असेल ते गप्प. हेच चित्र स्टिअरिंगवरही होतं, डाव्या अंगठ्याच्या अगदी खाली. मी ते बराच वेळ बघत बसलो. तिठ्यावर मी खाली बघितलं होतं, आणि ज्याची गरज होती ते अंगठ्याखाली होतं. गणपतीपासून होतं.

बाबू खिडकीत डोकावला. "मास्तर, पुस्तक वाचून गाडी चलता काय? आमची तर पेट्रोलार चलता."

"रेडिओची बटणां शिकतंय."

"बॅटरी उतारतली हां!"

"अर्ध्या तासान आपोआप बंद होता," मी म्हटलं. "सत्तेचाळीसाव्या पानार लिवलेला आसा."

बाबू डोकं खाजवत पत्त्यांकडे परत गेला. त्याचं मला इतकं नवल वाटलं की मी पान पुन्हा उघडून खात्री केली.

मग शेवंती आली. तिचं घर बंदराकडे. तिचं बिऱ्हाड माळाच्या पलीकडच्या टोकाला होतं. येताना ती मुद्दाम गाडीला लांबचा वळसा घालून आली, सगळ्यांना दिसेल असा, आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"मास्तरानू, गाडी उभी आसा मां? येव काय पुढे?"

"ये गो. चावी अर्धीच फिरवलेली आसा."

"अर्धी! माझ्या कुर्ल्यो तुमच्या रेडिओचो आवाज ऐकून अजून बिळातून भायर येणत नाय." पण ती आनंदीशेजारी सतरंजीवर बसली. "काय चल्लाहा ह्या?"

आनंदीने सांगितलं, "झील गाडी नेतलो. म्हणान ह्येंनी आता शिकूक घेतल्यानी."

"आता?" शेवंती हसली. "पेशंट गेल्यार डॉक्टर इलो."

ते मला लागलं, कारण मी सकाळपासून हेच स्वतःला सांगत होतो. शिकून काय करायचं? 'बरं' म्हणून बसलो होतो. तरी मी चष्मा लावून पुढचा भाग उघडला. दुसरं वाचायला काही नव्हतं.

त्या भागात मला ते सापडलं. सिस्टीम स्वतःहून एकाकडून दुसऱ्याकडे गेली, म्हणजे पेनड्राइव्ह निसटून रेडिओवर, की आवाज किती असावा हे आधी ठरवून ठेवता येतं. पडद्यावर तो आकडा बघितला. जवळजवळ शेवटच्या टोकाला होता. गणपतीत दीपेशने गाडी अंगणात उभी करून चारी दरवाजे उघडून गाणी लावली होती, तेव्हाचा. मी पेनड्राइव्ह थोडा हलवला. भजन तुटलं आणि रेडिओ असा गरजला की माळावरच्या कोंबड्या झापात उडाल्या. पत्ते खेळणाऱ्यांनी माना वळवल्या. शेवंती सतरंजीवरून उठूनच उभी राहिली.

मी खाली बघितलं नाही. अंगठा दाबला. गप्प.

"परत करा," शेवंती म्हणाली.

मी पेनड्राइव्ह परत हलवला. गर्जना. अंगठा. गप्प. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "ह्यो तो आवाज," ती म्हणाली. "ह्याच आवाजान मी दचकलंय. माका वाटला गाडीयेत कोणतरी ओरडता, म्हणान मी उडी मारलंय."

मी आकडा खाली आणला, अगदी तळाजवळ. पडद्याने विचारलं, बदल कायम करायचा का. हे बटण दाबलं की दीपेशने केलेली व्यवस्था जाणार होती. एवढ्याशा गोष्टीसाठी मी आधी बोट शर्टाला पुसलं. मी दाबलं.

*

दीपेश तिसऱ्या दिवशी सकाळी आला, कणकवलीला उतरून रिक्षाने. हातात बॅग, डोळ्यांत झोप. आईने दिलेली पेज उभ्या उभ्या प्यायला आणि गाडीपाशी गेला. चावी मागितली, मी दिली, कारण बॅग ठेवायला मागतो आहे असं वाटलं. त्याने बॅग ठेवली आणि पुढे बसून सिस्टीम लावली.

"बाबा, हे कोणी केलं?"

"काय?"

"सेटिंग. स्टार्ट व्हॉल्यूम बदललाय. स्टेशनं वेगळी आहेत. इक्वलायझर पण." तो बाहेर आला. "मी सांगितलं होतं ना, गोल बटण सोडून कशाला हात लावू नका?"

तो मोठ्याने बोलत नव्हता. पण माळावर झोपड्या एकमेकींना चिकटून असतात आणि लोकांना दुसरं काम नसतं. बाबू पत्ते उताणे टाकून आला. शेवंती कुठूनशी उगवली.

"मी केलंय," मी म्हटलं. "वाचून केलंय."

"वाचून!" त्याने डोक्याला हात लावला. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने मला चालकाच्या जागेवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. "ठीक आहे. सांगा. रेडिओवरून फोनवर कसं जायचं?"

मी दाबून दाखवलं.

"स्टेशन साठवायचं?"

दाबून धरून दाखवलं. टक्‌ आवाज झाला.

"रस्त्याकडे बघा. तिकडेच. आता आवाज बंद."

मी वायंगणीच्या रस्त्यावरच्या काजूच्या झाडाकडे बघत अंगठा दाबला. बाहेरून बाबूने शिट्टी घातली. "मास्तर पास!"

दीपेशने त्याच्याकडे बघितलं नाही. रांगेतल्या शेवटच्या बटणावर बोट ठेवलं. "हे?"

त्यावर दोन इंग्रजी अक्षरं होती. मी ते पान तीनदा वाचलं होतं. परदेशातली काही स्टेशनं वाहतुकीची खबर देतात, त्यासाठी होतं काहीतरी. आपल्याकडे दाबलं की रेडिओ गप्प होऊन नुसता शोधत राहायचा. "ह्या माका समाजला नाय," मी म्हटलं. "तुका माहीत आसा?"

त्याने बोट मागे घेतलं. "त्याची आपल्याला गरज नसते."

"मगे माका पण नाय."

शेवंती खो खो हसली. दीपेशचा चेहरा उतरला, आणि मला लगेच वाईट वाटलं. त्याला चारचौघांत हरवायचं नव्हतं मला. मी त्याला खालच्या आवाजात पेनड्राइव्हचं सांगू लागलो, तिठ्यावर नक्की काय झालं होतं ते, आवाज कुठून आला, आकडा कुठे होता. तो आकडा कोणी ठेवला होता हे मी बोललो नाही. त्याला कळलं.

तो खाली उतरला आणि गाडीच्या टपावर हात टेकून उभा राहिला. "बाबा, बटणांचा प्रश्नच नाहीये."

"तूच तर बटणां इचारलंस," आनंदी झोपडीच्या दारातून म्हणाली.

"आई, तू मधे नको. प्रश्न वयाचा आहे. आज रेडिओ झाला, उद्या दुसरं काही होईल. शेवंतीमावशीच्या पायावरून चाक गेलं असतं तर?"

"माझो पाय," शेवंती म्हणाली. "माका इचार."

सगळे तिच्याकडे बघू लागले. मीही. ती माझी बाजू घेईल असं मला वाटत नव्हतं, आणि तिने घेतलीही नाही.

"चूक मास्तरांची. खाली कित्याक बगूचा? मी त्येंका तिठ्यार काय शिये दिलंय त्या सगळ्या गावान ऐकला. पण दुसऱ्या दिसा ह्यो माणूस त्याच वाटेन गाडी घेऊन इलो. हळूहळू. माझ्या टोपलीम्होरं थांबलो, उतरलो, माझो पाय बगल्यान आणि गेलो. दुसरो कोण असतो तर म्हयनाभर आडवाटेन गेलो असतो." ती दीपेशकडे वळली. "माझ्या पायाचा नाव घेऊन गाडी न्हेव नको. तुका बायलेसाठी होयी तर तसा सांग."

दीपेशने टपावरचा हात काढला. मग आनंदी दारातून बाहेर आली. तिचे गुडघे धरलेले होते, त्यामुळे हळू आली आणि सगळ्यांना थांबावं लागलं.

"गेल्या वर्षी तू मित्राची गाडी मागे घेताना खांबार घातलंस. पाठचा सगळा फुटला. तेव्हा तुझी चावी कोणी काढून घेतल्यान?"

"आई, ते वेगळं..."

"व्हय. तू तरणो, म्हणान तुका चूक माफ."

बाबू हसणार होता, पण हसला नाही. दीपेश माझ्याकडे वळला. आता तो मुंबईचं बोलत नव्हता. "बाबा, तुमका काय वाटता, माका गाडीची हाव आसा? वर्षाली रिक्षान जाता, तशी जायत. संध्याकाळी गावचो फोन वाजलो की उचलूच्या आधी मी डोळे मिटतंय. तुमी दोघांच हयसर. काय झाला तर मी कितक्या तासांनी पोचतलंय?"

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. दाढीचे खुंट, रात्रभराच्या प्रवासाचे लाल डोळे, आणि लहानपणी ताप आला की व्हायचा तसा चेहरा. माझ्या तोंडात तो शब्द तयार झाला. जिभेच्या टोकापर्यंत आला. तो उच्चारला असता तर सगळे सुटले असते. दीपेशची भीती गेली असती, माणसं पत्त्यांकडे गेली असती, आणि मला परत कधीही कसलीच खात्री बाळगावी लागली नसती.

मी आनंदीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने धरूनच ठेवलं होतं की मी 'बरं' म्हणणार.

"नाय," मी म्हटलं.

आवाज मला अनोळखी वाटला. मी परत म्हटलं, नीट.

"नाय. गाडी तुका मेळाची नाय. भियतंस ता माका समाजला. मी पण भियतंय. तिठ्यार दरवेळी भियतंय. पण भिती तुझी आणि चावी माझी, ह्या कसा? डोळे तपासून माका परवानो वाढवून दिलेलो आसा. ज्या दिसा माझे डोळे नाय म्हणतले, हात नाय म्हणतले, त्या दिसा मी स्वतः तुका फोन करतलंय, ये आणि गाडी ने. तो दिस मी ठरवतलंय. तू नाय, आणि गोल बटण पण नाय."

मी हात पुढे केला. चावी अजून स्टिअरिंगखाली लटकत होती हे माझ्या लक्षात नव्हतं. तो माझ्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे, आणि शेवटी आनंदीने खिडकीतून हात घालून चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. माणसं हसली. मी चावी खिशात टाकली.

"काही झालं तर मला दोष देऊ नका," दीपेश म्हणाला. परत मुंबईचं.

"देणार नाही," मी म्हटलं.

तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. बाबूच्या टोळक्यात पत्ते खेळत बसला. मी गाडीत बसून पुस्तिका उघडली, पण एक ओळ समजली नाही. मनात सारखं येत होतं, त्याचंच बरोबर असलं तर? एखाद्या वळणावर मी चुकलो तर हे सगळे आजचा दिवस आठवतील. शेवंतीही आठवेल. पण चावी खिशात होती आणि मी ती काढून ठेवली नाही.

*

चौथ्या दिवशी कौल मिळाल्याची बातमी माळावर पोचली तेव्हा एकच आरडाओरडा झाला. झोपड्या मोडल्या जाऊ लागल्या, गुरं सुटली, पोरं वेशीकडे पळाली. दीपेशने न बोलता सामान गाडीत भरलं. चांगलं भरलं, माझ्यापेक्षा कितीतरी नीट. मग तो चालकाच्या दरवाजापाशी येऊन उभा राहिला. सवयीने की मुद्दाम, ते मला सांगता येणार नाही.

"पाठी बस," मी म्हटलं. "पुढे तुझी आवस बसता."

तो मागे कोंबड्यांचा झाप आणि तांदळाचा डबा यांच्या मधे शिरला. गुडघे छातीशी आले. आनंदी पुढे बसली, पदर सारखा केला, आणि कोणालाही न विचारता रांगेतलं पहिलं बटण दाबून रेडिओ लावला. ती कधी शिकली मला माहीत नाही. तीन दिवस सतरंजीवर बसून तिने बघितलं असणार.

रस्ता माणसांनी भरलेला होता. गाई, टेम्पो, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका. मी पहिल्या गिअरमध्ये, पायाखालचा प्रत्येक खडा जाणवावा इतक्या हळू निघालो. स्टिअरिंग मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि ते दीपेशला मागून दिसत असणार. वेशीपाशी बाबूचा टेम्पो आडवा आला. मी थांबलो, तो गेला, मी निघालो. रेडिओवर कोणी गोव्याची बाई काहीतरी गात होती. शब्द कळत नव्हते, चाल छान होती.

तिठ्याच्या गतिरोधकापाशी मी आणखी हळू झालो. तेवढ्यात मागून, दोन्ही सीटच्या मधून, दीपेशचा हात पुढे आला. तो गोल बटणाकडे चालला होता, आवाज कमी करायला.

"हात काढ, दीपेश," मी म्हटलं. रस्त्याकडेच बघत.

हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग मागे गेला. गतिरोधक आला, पुढची चाकं चढली, उतरली, मग मागची. बाई गातच होती.